हिरवा दिवा आणि रिकामं कार्ट्रिज

१० नोव्हेंबर २००८, सोमवार. वसमत.
मशीन आलं! कंपनीचे शेख नांदेडहून स्वतः घेऊन आले, एसटीत मांडीवर ठेवून. बॅटरीवर चालणारा स्टेपलर. चिमट्यात आतडं धरायचं, बटण दाबायचं. मोटर पिनांच्या ओळी मारत जाते, मागून पातं त्या ओळींच्या मधून कापत जातं. कापणं आणि शिवणं एका दमात. इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही. हे चालूच राहणार. नोकरीत केस पांढरे झाले, असलं काही पाहिलं नव्हतं.
खाटकाकडून बकऱ्याची आतडी मागवली. आधी शेखनी करून दाखवलं, मग डॉ.नी. डॉ. चाळिशीचे, पण आज नवी सायकल मिळालेल्या पोरासारखे. "सिस्टर, तुम्ही पण दाबा एकदा!" दाबलं. हातात थरथर जाणवते. गंमत आहे. तोंडावर दाखवली नाही.
शेख जाताना पिनांची कार्ट्रिजं डब्यात सुटीच ठेवून गेले, वापरलेली आणि भरलेली. "वापरलेली लावायच्या-काढायच्या सरावाला राहू द्या, मॅडम. मशीन चुकून घेणारच न्हाई. रिकामं लावलं तर लाल दिवा, मोटर बंद." चांगली सोय.

१२ नोव्हें., बुध.
सुजाता दाखल. डोंगरकड्याच्या शाळेत शिक्षिका. गाठ गुदाशयाशी, अगदी खाली, तपासणी चांगली आली नाही. थांबायला वेळ नाही, पोट फुगायला लागलंय. तिथे हात पोचत नाही. हाताने शिवायचं तर कायमची पोटावर पिशवी. मशीन पोचतं.
"बाई, मी वर्गात उभी राहते. पोरं लई खट्याळ. पिशवी नको मला."
"आधी रक्त वाढव, मग अटी घाल."
हसली. धीराची आहे. मंगळवार ठरला. आमच्याकडे मशीनची पहिली केस!

१३ नोव्हें., गुरु.
आज थोडक्यात वाचलो.
डॉ.ना सराव हवा होता. डब्यातलं एक कार्ट्रिज लावलं. हिरवा दिवा. बटण. मोटर सरसर गेली. आतड्याचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तोंडं उघडी. एकही पिन नाही!
डॉ. म्हणाले, "खराब पीस असेल."
मी ते कार्ट्रिज काढून खिडकीशी नेलं. खराब नाही. रिकामं. पिना कधीच उडालेल्या. मग दिवा हिरवा कसा?
बकरं होतं म्हणून. सुजाता असती तर तिथेच, हात न पोचणाऱ्या जागी, आतडं उघडं.

१४ नोव्हें., शुक्र.
सापडलं!! सकाळी सात वाजल्यापासून मशीन उघडून बसले होते. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं, ते इतक्या वर्षांनी कामाला आलं.
कार्ट्रिजच्या पोटात एक सरकती पट्टी आहे. मोटर ती पुढे ढकलते, ती पिना वर उडवते. वापर झाला की पट्टी पुढच्या टोकाला राहते. मशीन फक्त एवढंच बघतं की पट्टी मागे आहे का. मागे असली की हिरवा. पिना आहेत की नाहीत, ते बघतच नाही.
मग वापरलेल्याची पट्टी मागे आली कशी? कौसल्याला बोलावलं. ऑपरेशन थिएटरमधली धुलाई तिच्याकडे.
"म्या काय केलं बाई? सगळं ब्रशनं धुतलं, फॉर्मलिनच्या डब्यात लावून ठिवलं. आतलं ते पुढं सरकून गेलतं, ते दाभणानं लोटून जाग्यावर बसवलं."
"कुणी सांगितलं होतं?"
"तुमीच की. जिथली वस्तू तिथं."
बरोबर. मीच सांगते, रोज सांगते. ओरडायला तोंड उघडलं होतं, मिटलं.
"काहून, बिघडलं का बाई?"
बिघडलं नाही. इतकं नीट केलंय की मशीनही फसलं. आता डब्यात भरलेली कोणती आणि रिकामी कोणती, कुणालाच माहीत नाही.

१५ नोव्हें., शनि.
शेखना फोन. सीलबंद माल मागितला. आठवडा लागेल. मग दिव्याचं सांगितलं. ते म्हणाले, "पन मॅडम, वापरलेलं धुवून कोन ठेवतंय? सगळे फेकून देतात."
"नांदेडात राहून हे विचारता? आम्ही सलाइनच्या बाटलीतही तुळशीची रोपं लावतो."
"ते बी खरं."
तेव्हा निवड आपणच करायची. आधी लोहचुंबक. काही नाही; पिना टायटॅनियमच्या, चुंबकाला दाद देत नाहीत. मग सुचलं, वजन! सगळी कार्ट्रिजं रुमालात बांधून सराफाकडे. त्याच्या पेढीवर मंगळसूत्र घ्यायला आलेली माणसं, मधे मी.
"सिस्टर, हे कुठलं सोनं आणलं?"
"तोला. बोलू नका."
तोलली. आणि फरक आला! जेमतेम गुंजेएवढा, पण आला. चार जड, पाच हलकी. एक मधलंच, ना इकडचं ना तिकडचं. सराफ म्हणाला, ओल असेल. असेलही.
घरी आल्यावर भिंग. जड असलेल्यांच्या प्रत्येक फटीत पिनेची टोकं चमकतात. हलक्यांच्या फटी आतून वर आलेल्या प्लास्टिकने बुजलेल्या. नख फिरवलं की खरखर लागते. वजन, डोळा, नख, तिन्हींचं उत्तर एक. जेवायचं राहिलं. भूकही नव्हती.

१६ नोव्हें., रवि.
डॉ.शी वाजलं.
"सिस्टर, एवढी मोठी कंपनी आहे. त्यांनी विचार केलाच असेल."
"कौसल्याचा केला नाही त्यांनी."
हसले, पण रागावलेही. मशीन त्यांनी हौसेने घेतलंय. शेवटी कबूल: दिवा हिरवा असला तरी मी हो म्हटल्याशिवाय बटण नाही. हलकी पाच हातोड्याने ठेचली. कौसल्या हळहळली, "चांगली व्हती की!" जड चार पुन्हा निर्जंतुक. मधलं टाकणार होते. डॉ. म्हणाले, राहू द्या, वेळ आली तर. वेगळ्या डब्यात ठेवलं, वर लाल चिकटपट्टी.

१८ नोव्हें., मंगळ.
लिहिते, जसं आठवेल तसं.
सुजाताने टेबलावर विचारलं, "बाई, तुमी आत राहणार ना?" राहणार.
पहिलं कार्ट्रिज: भिंग, नख, हो. मोटर जड आवाजात गेली, घरघर करत. भरलेलं असलं की मोटरला जोर लागतो! गुरुवारची सरसर वेगळी होती. हे लक्षात आलं आणि मास्कच्या आत हसले. दुसरं, हो. तिसरं, हो. रक्त नाही, ओळी सरळ. डॉ. गुणगुणायला लागले.
चौथ्याच्या वेळी आतडं चिमट्यातून निसटलं, ओळ भलत्याच जागी गेली. तो भाग कापून काढला. पुन्हा जोडायचं, तर आता फक्त लाल पट्टीचं.
लावलं. हिरवा दिवा. डॉ.चा अंगठा बटणावर. भिंग घेतलं. अर्ध्या फटींत पिना चमकत होत्या. पुढे नख फिरवलं, गुळगुळीत. मागच्या अर्ध्यात खरखर.
"नाही."
"सिस्टर, हिरवा आहे!"
"असू दे. नाही."
"मग मी इथे शिवू कसा? पिशवी लागेल तिला!"
"हाताने शिवा. मी दिवा धरते. वाकडी मान करून शिवा, पण शिवा."
डॉ.नी सुई मागितली. किती वेळ गेला माहीत नाही. एकेक टाका बोटाच्या टोकाने, न बघता. माझा दंड भरून आला, दिवा हलू दिला नाही. शेवटचा टाका पडला तेव्हा डॉ.च्या कपाळावरचा घाम कौसल्याने पुसला, माझा कुणी पुसला नाही.
पिशवी नाही. पण टाके धरतील का? चार-पाच दिवस कळणार नाही. सुटले तर सगळे म्हणतील, मशीन होतं, दिवा हिरवा होता, म्हातारी आडवी आली.

१९ नोव्हें., बुध.
खाटकाकडून पुन्हा आतडी. लाल पट्टीचं त्यावर उडवलं, डॉ.च्या समोर. हिरवा दिवा. आधी सरसर, मग घरघर! निम्मं आतडं पिनांनी बंद, निम्मं उघडं.
सोमवारी सरावात डॉ.नीच बटण मधे सोडलं होतं, ते हे. त्यांनाच आठवलं. आतडं बादलीत टाकलं. मग, "कंपनीला आपण दोघं मिळून लिहू."
शेखचा फोन: साहेब म्हणतात, येऊन बघतो. या म्हणावं. कौसल्यालाही बसवते समोर, दाभणासकट.

२० नोव्हें., गुरु.
सुजाताला ताप. थोडा. वारा सरला नाही, म्हणजे आतडं अजून चालू झालेलं नाही. डॉ. दिवसात चारदा येऊन गेले, मीही.

२१ नोव्हें., शुक्र.
ताप तेवढाच. वाढला नाही, उतरला नाही. पोट दाबलं, मऊ.
"बाई, पिशवी न्हाई ना?" रोज विचारते, चादर वर करून स्वतः बघते, तरी विचारते.
"नाही."
"मग मी बरीच हाय. च्या द्या."
"च्या नाही. ओठ ओले करते, चूप राहा."
डॉ. आले, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला. ऐकत राहिले. डोळे मिटून. मग कानातून काढून माझ्यापुढे धरला.
"काहीतरी गुडगुडलं. का मला वाटतंय? तुम्ही ऐका."
ऐकलं. आधी काही नाही. मग खोल कुठेतरी, एकदाच, बारीक. खरंच होतं, की मला हवं होतं म्हणून?
सुजाता दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "काय म्हणतंय माझं पोट?"
"गप्प पड," मी म्हटलं. "पुन्हा बोलू दे त्याला."