देव पाण्यात होते म्हणे

३ एप्रिल, माधवनगर
पुन्हा तेच. विक्यानं व्हिडिओ पाठवलाय. पैलवान भाऊ माझा, आता पाटणजवळच्या आमच्या गावात तालीम काढतोय. माईक धरून तीच जुनी जिंकलेली कुस्ती. शेवटी ठरलेलं वाक्य, "मी फडात हुतो तवा माझी आई घरात देव पाण्यात ठिवून बसलीवती." टाळ्या. आई इथं माझ्याकडंच असते, माझ्या शेजारी बसून बघत होती. उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला, हसली. असला संताप आला, फोन पालथा घातला.

५ एप्रिल
बसली होती म्हणे! त्या दिवशी पडली होती. देव पाण्यात ठेवता ठेवता पातेल्यासकट आडवी झाली. देव फरशीवर, पाणी उंबऱ्यापर्यंत. तोंड वाकडं. घरात मी एकटी, गावातले सगळे गडी मैदानाला, आमची जीपही तिकडंच. वडिलांना, नानांना फोन लावला तर म्हणतात, "कुस्ती हुईपर्यंत पोराच्या कानावर जाता कामा न्हाई. जीप आत्ता सुटत न्हाई." पैलवानाला कुस्तीआधी वाईट बातमी द्यायची नाही, मान्य. पण जीपला कुठं कुस्ती खेळायची होती? फोनवर मागं हलग्या वाजत होत्या. दुधाच्या टेम्पोत घालून आईला मीच कराडला नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

७ एप्रिल
झोप नाही. तेच डोक्यात. जिंकल्यावर मिरवणूक, तिथनं विक्या परस्पर तालमीत. चार दिवसांनी घरी आला तेव्हा आई दवाखान्यात. त्याला सांगितलं, कालच पडली. नानांनी मला आईची शपथ घातली, पोराच्या गदेला डाग लागायला नको. हात आईचा गेला, शपथही आईचीच. वा रे वा.

१० एप्रिल
नानांचा फोन. तालमीच्या उद्घाटनाला आईला आण, स्टेजवर देवांचं पातेलं हातात देऊन उभी करू, फोटो चांगला येतो. म्हटलं, तिचा एक हात चालत नाही. "मग तू मागनं धर की." मी मागनं धरायचं! लाज कशी वाटत नाही या माणसाला. आईला विचारलं. जीभ जड तिची, शब्द तुटतात. म्हणाली, "खोटं... न्हाई धरायचं."
इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला चालतंय. शपथ गेली खड्ड्यात.

११ एप्रिल
विक्याला सगळं सांगितलं. मधे एकदाच बोलला. "मी फडात हुतो, तवाच?" म्हटलं, तवाच. त्यानं फोन ठेवला. आता उचलत नाही. वाटलं होतं, बोलले की मोकळं होईल. कसलं काय.

१३ एप्रिल
आज उद्घाटन. सकाळीच विक्या गाडी घेऊन दारात, एकटा. डोळे सुजलेले. पातेलं आणलेलं नाही. आईपुढं खाली बसला, तिचा डावा हात हातात घेतला. म्हणाला, "आये, आज मी कुस्ती सांगत न्हाई. त्या दिशी घरात काय झालं ते तू सांग. माईक मी धरतो."
आई माझ्याकडं बघायला लागली. तिकडं नानांचा फोन वाजतोय, उचलत नाही मी. आईला विचारलं, कुठलं लुगडं काढू?
तिनं उजवा हात वर केला, कपाटातल्या हिरव्याकडं बोट दाखवलं.