आईच्या नावाची परात

सावेडी, अहिल्यानगर

ती. चांगुणाताईस,

भागवतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही सारे बरे. तुझा गुडघा आणि दाजींची म्हैस, दोन्हींना उतार पडला असेल असं धरून चालतो. फोन न करता लिहितोय, कारण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि बनुआत्या दिवसभर तुझ्याच ओट्यावर बसलेली असते. विषय तिचाच आहे.

इथल्या एका छोट्या संग्रहालयाने जुन्या स्वयंपाकाच्या वस्तूंचे फोटो काढून संशोधकांसाठी इंटरनेटवर टाकलेत. फोटो इतके मोठे करता येतात की खलबत्त्याला चिकटलेलं तिखटसुद्धा दिसतं. (तुझी भावजय ज्योती म्हणते, घासून तरी द्यायचा.) त्यात परवा एक पितळी परात दिसली. सहज काठ मोठा करून पाहिला, तर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: सौ. मनकर्णाबाई. आपल्या आईचं नाव. आणि खाली छापलंय, 'दात्री: श्रीमती बनुबाई, सोनई. वापर: पुरणपोळीची कणीक मळण्यासाठी.' आत्याची पुरणपोळी जन्मात कधी अख्खी तव्यावर पडली होती का, तूच सांग. तुझ्या लग्नाच्या मांडवातून तिने नेलेली परात ती हीच. आई नंतर त्या परातीचा विषयसुद्धा काढू देत नसे, इतकं तिला लागलं होतं.

तसाच स्कूटर काढून तिथे गेलो. तिथली पूजा नावाची मुलगी फार नम्र निघाली. (समोरचा नम्र असला की मला भांडताच येत नाही.) तिने पाणी दिलं, परात दाखवली, पण हातमोजे घातल्याशिवाय हात लावू दिला नाही. ज्या परातीत बसवून आईने मला अंघोळी घातल्या, तिला मी हातमोजे घालून शिवायचं. वर विचारते, यात कणीक किती मळत? म्हटलं, घरात माणसं असतील तेवढी. तिने तेही लिहून घेतलं.

ताई, मला परात नको. सातबाऱ्यावर आईचं नाव नव्हतं, दारावरच्या पाटीवर अण्णांचंच आहे. तिचं नाव कोरलेली जगात एवढी एकच वस्तू, आणि ती बनुबाईंची म्हणून जगभरचे लोक वाचणार. मला हे खरंच सहन होत नाही. आत्याला ओट्यावरच गाठ आणि परात आईची असल्याच्या कागदावर तिचा अंगठा घे.

तुझा,
भागवत

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात पूजाचा फोन आला. माझ्या तक्रारीवरून त्यांनी फोटो आणखी मोठा केला. आईच्या नावाखाली कानशीने घासलेलं आधीचं नाव दिसतंय, बनुबाई. आत्याला लग्नात आलेली भेट असावी, माहेरीच राहिली. वरचं नाव फोटोत झाकायचं का, असं पूजाने तिला फोनवर विचारलं. आत्या म्हणाली, "असू द्या. वयनीचं नाव दुसरं कुटं हाय?"

ता. क. २. अंगठा घेऊ नकोस. काल मी आत्याला रजिस्टरने चार पानी पत्र टाकलंय. त्यात तिला भांडीचोर म्हटलंय, तेही दोनदा. हे पत्र तिकडे टेम्पो घेऊन येणाऱ्या कल्याणच्या हाती पाठवतोय, म्हणजे त्या रजिस्टरच्या आधी पोचेल. आत्याचं टपाल तूच वाचून दाखवतेस. तेव्हा त्या चारही पानांत मी फक्त तिची खुशाली विचारलीय, असं वाच.