ओनुकी-सानची दुनळी

६ सप्टें., शनि.
श्रीरंगबरोबर त्सुचिउराला, बंदुकीच्या दुकानात. पडदे निवडायला हा माणूस कधी आला नाही, सोफा मी एकटीने आणला, आणि आज अख्खी दुपार एका बंदुकीचा दस्ता खांद्याला लावून बघण्यात. डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला आणायची, डोळे उघडायचे. नळी नजरेच्या रेषेत आली तर बंदूक आपल्या मापाची. दुकानदार म्हणाला, "बूट घेतो तसंच आहे, ओकुसान." म्हणजे वहिनी. मी म्हटलं, बुटाने कोणी मरत नाही. हे मराठीत म्हटलं, मनात.

बारा बोअरची एक घेतली, ठेवली. जड. पक्ष्याच्या शिकारीला दिवसभर डोंगर चढायचा, हात भरून येतो म्हणे. मग वीस बोअरची, वर-खाली नळ्यांची. चांगली होती, श्री.च्या डोळ्यांत दिसलं. तरी घेतली नाही. "ओनुकी-सानची एकदा बघू."

म्हणजे आधीच ठरलंय.

९ सप्टें., मंगळ.
बंदुकीच्या परवान्याच्या अर्जाला डॉक्टरचा दाखला लागतो, की माणूस मनाने ठीक आहे. "दवाखान्यातले जपानी शब्द मला जमत नाहीत, तू चल." गेले. पुण्यात चार वर्षं जपानी शिकले ती असल्या कामांना उपयोगी पडते. एक-दोन शब्द सांगितले. मग डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे?

माझ्याकडे न बघता, एकदम सफाईने, "छान लागते."

हे वाक्य त्याला पाठ होतं. पहाटे स्वयंपाकघरात अंधारात बसलेला असतो, राइस कुकरच्या लाल दिव्याकडे बघत. जानेवारीत सातारचे अप्पा गेले, तेव्हापासून. तेराव्यानंतर परत आला तो बापाबद्दल एक अक्षर बोललेला नाही. रडला नाही. रागावलाही नाही. ऑफिस, जेवण, कचऱ्याच्या पिशव्या वेगवेगळ्या करणं, सगळं वेळच्या वेळी. आणि एप्रिलपासून हे बंदुकीचं खूळ. लेखी परीक्षेचा अभ्यास मीच घेतला त्याचा. काहीतरी करतोय, गुंततोय, म्हणून बरं वाटलं होतं.

दाखला मिळाला. मी का नाही बोलले तिथे? दुभाष्याने मधे बोलायचं नसतं म्हणून? बायको म्हणून गेले होते की दुभाषी म्हणून, हे मला आधी विचारायला हवं होतं.

१४ सप्टें., रवि.
ओनुकी-सानकडे. मागच्या गल्लीतले, अठ्ठ्याहत्तरीचे. निवृत्त शिक्षक. हाना नावाची पॉइंटर कुत्री. श्री. दर रविवारी त्यांच्यामागे डोंगरात जातो, हाना वास काढते, हे दोघं चालतात. परत येतो तेव्हा कपड्यांना कुसळं आणि चेहरा जरा माणसासारखा.

त्यांची बंदूक वीस बोअरची दुनळी, नळ्या शेजारी-शेजारी. दस्ता अक्रोडाचा, हात लागून लागून काळा झालेला. परवाना नसताना दुकानाबाहेर कायद्याने श्री.ला हातात घेता येत नाही, म्हणून ओनुकी-सान स्वतः धरून दाखवत होते आणि हा ज्या भक्तीने बघत होता तसा देव्हाऱ्यासमोरही कधी उभा राहिला नाही. किजी, म्हणजे इथला रानकोंबड्यासारखा पक्षी, कसा उडतो ते त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं. हिरव्या छातीचा नर पायाखालून फडफडत उठतो, दचकायला होतं, तेवढ्यात ओळखायचं. मादी असेल तर बंदूक खाली, तिला मारायची बंदी.

"मला आता हिचा उपयोग नाही. परवाना सोडतोय. कोणी घेतली नाही तर ही कापून टाकतील. पाताडे-सानने घ्यावी." इथे आम्हाला आडनावानेच हाक मारतात.

मी विचारलं, का सोडताय? "डोळे."

डोळे! समोर बसून गळाला बारीक दोरा बांधत होते, चष्म्याशिवाय. कुठेतरी पाणी मुरतंय. चांगली बंदूक, चांगला हात, आणि ओळख वर्षभराची, तीही परक्या देशातल्या माणसाची. स्वतःच्या मुलाला का नाही? ओनुकीकाकू चहा ठेवून लगेच आत गेल्या. एरवी बसतात.

२० सप्टें., शनि.
दुकानदाराने ओनुकी-सानची बंदूक तपासली. सांगितलं, दस्ता तुम्हाला आखूड आहे, ती वर-खालीवाली घ्या. मागे रबराची गादी लावून लांबी वाढवता येईल, पण वजन मागे जाईल, ताल बिघडेल. शिकार पहिल्यांदा करणाऱ्याने मापाची घ्यावी.

श्री. म्हणाला, "हीच."

"अरे पण जन्मभर बंदुका विकणारा माणूस सांगतोय."

"मला चालणार आहे."

"मापाची नाही ती."

"मेधा, मला हीच हवीय."

इतक्या महिन्यांत 'हवीय' हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. बरं वाटायला पाहिजे होतं. मला भीती वाटली. ज्याला झोप नाही, ज्याला रडू येत नाही, त्याच्या घरात बंदूक. लिहून टाकलं एकदाचं. इराला हे कळता कामा नये.

बंदुकीबद्दल इराचं मत विचारलं होतं. "बेत्सुनी." काही विशेष नाही, असं. तेरा वर्षांच्या मुलीकडून एवढंच मिळतं, तेही जपानीत.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
शस्त्रपूजेला दरवर्षी त्याचा लॅपटॉप आणि माझी सुरी. आज मी पाट मांडून वळले तर लॅपटॉपवर बंदुकीचा फोटो, कागदावर छापलेला. फूल वाहिलेलं. मी हसले. तोही हसला, थोडंसं. मग मी काय करावं? कागद उचलून खाली बघितलं, आणखी काही आहे का. तो बघत होता मी बघतेय ते.

काय शोधत होते मलाच माहीत नाही. हल्ली त्याच्या खिशात हात घालते, कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी. पावत्या, कुसळं, एकदा हानाचं बिस्कीट.

१० ऑक्टो., शुक्र.
घात झाला. माझ्याच तोंडाने.

पोलीस स्टेशनातून इइजिमा-सान आले. बंदुकीच्या अर्जात घरच्यांना विचारतात, शेजारच्यांनाही. श्री. ऑफिसात, मुद्दाम तशीच वेळ. तरुण, नम्र, मोजे पांढरेशुभ्र. चहा दिला. चिवडा दिला, एकेक शेंगदाणा वेचून खात होते.

विचारलं, घरात भांडणं होतात का?

आणि मी, पुण्याच्या सोसायटीत जिन्यावर उभी असल्यासारखी, "रोज! त्यांच्या हातात बंदूक नाही म्हणून मी अजून इथे आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. आपल्याकडे कोणाही बाईला विचारा, नवऱ्याचं कौतुक करणार आहे का ती परक्यासमोर? 'आमच्या ह्यांचं काय सांगू' इथूनच सुरुवात. समोरचीने हसायचं, तिचं सांगायचं, झालं. इइजिमा-सानचं पेन थांबलं. मी हसले. ते नाही. मग सावरायला गेले, "तसं नव्हे, आवाज फक्त माझाच असतो, ते तर बोलतच नाहीत." ते आणखी वाईट झालं. "बोलत नाहीत, म्हणजे कधीपासून?"

मी म्हटलं, थट्टा होती. जपानीत थट्टा समजावून सांगणं म्हणजे…

चिवडा अर्धा टाकून उठले. दारात बूट घालताना, "पुन्हा येईन. तुम्ही सावकाश विचार करून ठेवा."

१२ ऑक्टो., रवि.
श्री.ला सांगितलं. आधी ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मुद्दाम केलंस."

"गंमत केली रे. सवयीने."

"तुला ती घरात नकोच होती. सरळ म्हणायचंस."

"तू सरळ काय म्हणतोस? डॉक्टरला म्हणालास, छान झोप लागते."

चप्पल घालून निघून गेला, हानाला फिरवायला. आमच्यात भांडण झालं, नवीन काही नाही, पण मला मेलीला आता प्रत्येक भांडणाच्या वेळी तो पांढऱ्या मोज्यांचा माणूस कोपऱ्यात बसलेला दिसतो.

खरंच मुद्दाम केलं का? परवापासून हेच. थट्टा होती ती, शपथेवर सांगते. पण दुसरी कुठलीही थट्टा सुचली असती. हीच सुचली.

१८ ऑक्टो., शनि.
दिवाळीचा फराळ घेऊन ओनुकींकडे. चकल्या त्यांना आवडतात. ओनुकी-सान हानाला घेऊन श्री.बरोबर गेलेले, काकू एकट्या. मी ठरवूनच गेले होते. बसल्या बसल्या विचारलं, डोळ्यांचं काय झालं त्यांच्या?

काकू चकलीचा तुकडा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत."

मागच्या हिवाळ्यात ओनुकी-सान रोजच्या डोंगरात वाट चुकले. संध्याकाळी कोणाच्या तरी शेतात सापडले, बंदूक भरलेली. घरी आले ते हसतच, हानाने फिरवलं म्हणाले. नंतर परवान्याच्या नूतनीकरणाला पोलिसांचा फोन आला, नेहमीसारखा, सगळं ठीक ना? एवढी वर्षं काकू 'ठीक' म्हणत आल्या. या वेळी म्हणाल्या, नाही. पोलिसांनी ओनुकी-सानना समजावलं, वय झालं, आपणहून सोडलेलं बरं. मानी माणूस, सगळ्यांना डोळे सांगतो.

"त्यांना माहीत आहे, तुम्ही सांगितलं ते?"

"नाही." चकलीची ताटली बाजूला सारली. "मी योग्य केलं. पण तेव्हापासून ते माझ्याशी फार चांगलं वागतात. मला वाटतं, यांना कळलंय का? रोज वाटतं. जेवायला वाढताना, टीव्ही बघताना. पाताडे-सान, मी नवऱ्याकडे आता चोरासारखी बघते."

मी त्यांचा हात धरला. इथे असं धरत नाहीत. त्यांनी सोडवून घेतला नाही.

म्हणजे ओनुकी-सानच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. बंदूक कापली जाऊ नये, एवढंच. मी त्या म्हाताऱ्यावर उगाच संशय घेत होते. नुसत्या त्याच्यावर नाही.

येताना बोळात दोघं दिसले, मधे हाना. ओनुकी-सान काहीतरी सांगत होते आणि श्री. ऐकत होता, मान खाली घालून, सातारला अप्पांचं ऐकायचा तसा. दस्ता आखूड का चालतो याला, ते मला तेव्हा समजलं. समजलं म्हणून भीती गेली असं नाही.

२३ ऑक्टो., गुरु.
इइजिमा-सानचा फोन. उद्या सकाळी येतात.

'सगळं ठीक' म्हटलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत बंदूक घरात, आणि मी रोज पहाटे कान देऊन पडलेली. 'नाही' म्हटलं तर पुन्हा परवान्याचं नाव नको, आणि त्याला 'हवीय' वाटलेली एकुलती एक गोष्ट मी काढून घेतलेली. श्री.ला सांगितलं, उद्या येणारेत. "हं."

२४ ऑक्टो., शुक्र.
सकाळी ऑफिसला निघताना दारात वाकून बूट बांधत होता. वर न बघता म्हणाला, "जे आहे ते सांग त्यांना."

"काय आहे?"

"तुला माहितेय ते. तू पण जागी असतेस. मला कळतं."

आणि गेला. सायकल गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मी दारातच.

इइजिमा-सान आले. या वेळी खायला काही ठेवलं नाही. विचारलं, झोपतात का ते? मी सांगितलं, नाही. वडील गेल्यापासून नाही. रडले नाहीत. हात कधी उचलला नाही, दारू नाही, आवाज फक्त माझा, हे खरं आहे. डोंगरात जातात तेव्हा बरे असतात, हेही खरं आहे. मला भीती वाटते. त्यांची नाही, त्यांच्यासाठी. बोलता बोलता माझंच रडू फुटलं, जपानी सुटलं आणि मराठीतच चार वाक्यं गेली. इइजिमा-सान थांबून राहिले. त्यांनी काही लिहिलं नाही.

मग म्हणाले, "ओकुसान, बंदूक घरात असावी, असं तुम्हाला वाटतं का?"

"आज नको. पण नाही म्हणू नका त्यांना."

"असं उत्तर आम्हाला घेता येत नाही."

"मला दुसरं देता येत नाही."

वही मिटली. वरिष्ठांशी बोलतो म्हणाले. किती दिवस लागतील सांगता येत नाही. ओनुकी-सानचा परवाना संपत आलाय, तोवर ती दुनळी राहील की कापली जाईल, तेही नाही. त्यांनी श्री.ला एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. पोलीस म्हणून नाही सांगत, म्हणाले.

दुपारभर घर आवरलं. जे बोलले ते शब्दाला शब्द श्री.ला सांगायचं, रडले तेही. काकूंसारखं मला जमायचं नाही. तो चिडेल, उठून जाईल, कदाचित पुष्कळ दिवस बोलणार नाही. चालेल. निदान का बोलत नाही ते मला माहीत असेल.

सायकल लावल्याचा आवाज आला. उठते.