जप्तीच्या जाळ्यातले साहेब

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार (अर्धवटच, कारण टेबलाखाली जप्त केलेल्या साखळ्या आहेत). तुमचा गुडघा काय म्हणतोय? मामीचा राग उतरला का? आम्ही इकडे ठीक, फक्त साहेब टांगलेले आहेत.

समुद्राचा तळ खरवडणारी जड जाळी आता बंद झाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे (बोटवाल्याला नसेल तर कुणाला असणार). तळाशी प्रवाळ असतं, शिंपल्यांची वस्ती असते, माशांची पिल्लं वाढतात. साखळी लावलेलं जाळं वरून फिरलं की सगळं सपाट. असं जाळं वापरताना बोटवाला पकडला गेला तर परवाना कायमचा जातो. तर सोमवारी धक्क्यावर तसलं एक बेवारस जाळं मिळालं, ते आम्ही मत्स्यखात्याच्या कचेरीत आणून पसरलं. साहेब म्हणजे कामाला वाघ. आत प्रवाळाचे तुकडे अडकलेत का ते बघायला भिंग घेऊन जाळ्याच्या तोंडातून रांगत शिरले, ते थेट टोकाच्या पिशवीपर्यंत. शिपायाला वाटलं, आत माल आहे. त्याने जाळं कप्पीने ओढून छताला टांगलं आणि कप्पी अडकली.

कापावं, तर जप्तीचा माल कापायचा नाही हा नियम साहेबांचाच. मी कात्री आणली तेव्हा आतूनच मेमो देईन म्हणाले. आता फायली सही होऊन वरून पडतात आणि चहा नळीने जातो. काल तर गहिवरून म्हणाले, "शिंपल्यांना काय वाटत असेल ते आज कळलं." मला खरंच वाईट वाटलं हो.

सुटकेचा मार्ग एकच, पिशवीच्या बुडाची गाठ. ती प्रत्येक बोटवाला आपल्या पद्धतीने मारतो, आणि ही बंदरात कुणालाच सुटेना. त्यात जो सोडवेल तोच जाळ्याचा मालक, असं साहेबांनी वरून जाहीर केल्यापासून कुणी हातही लावत नाही.

मामीला नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. गाठ तुमची आहे, मामा. मी बघताक्षणी ओळखली. आपणहून आलात तर परवाना एका हंगामापुरताच जाईल, असं साहेबांकडून कबूल करून घेतलंय (टांगलेला माणूस लवकर कबूल होतो).

ता. क. २. ती मलाही सोडवता येते, तुम्हीच शिकवलीत. पण सोडवली की साहेब विचारणार, कुठे शिकलास, आणि मला खोटं बोलता येत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत तुमची वाट बघतो. मग सोडवतो.