‘दे’चा ‘घे’ झाला त्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा भिंती आणि पाट्या रंगवणे, ज्याला अख्खी गल्ली नुसते ‘पेंटर’ म्हणते, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली नसताना आणि डोके ठिकाणावर असताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, पाय नाहीत. दर दोन ओळींनंतर उठून दारापर्यंत जाऊन येतो. छातीचे दुखणे आहे आणि डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, म्हणून घाई.

कलम एक. स्थावर मालमत्ता: काही नाही. बंद गिरणीमागची ही खोली भाड्याची असून मालकाने ती महिनाअखेर रिकामी करायला सांगितली आहे. इथे मोठी इमारत होणार. तिच्यातल्या सर्वात लहान खोलीचे भाडे आम्हा बापलेकीच्या कमाईहून जास्त आहे. सबब घराच्या वाटणीचा प्रश्न उद्भवत नाही. भिंतींची ओल तेवढी मालकाला साभार परत.

कलम दोन. लांब शिडी आणि सगळे ब्रश मुलीला. नवऱ्याचे घर सोडून आल्यापासून ती माझ्याबरोबर रंगकाम करते आणि तिचे अक्षर माझ्याहून सरळ आहे. आखूड शिडी धाकट्या भावाला. तो नगरसेवकाच्या मागे फिरून दोन खोल्यांचा धनी झाला आणि त्यानंतर आमच्याकडे एकदाच फिरकला, ते कलम चारमध्ये येईल. शिडीची तिसरी पायरी मोडकी आहे. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मुद्दाम दिली म्हणेल.

कलम तीन. ‘मुद्दाम’ या शब्दावरूनच मुद्द्यावर येतो. दोनदा उठून पाणी प्यालो, पण आता टाळता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत बाजाराच्या लांब भिंतीवर नगरसेवकाची घोषणा मी रंगवली. ‘घर देणारा माणूस’ असे लिहायचे होते. पालिकेच्या स्वस्त घरांची यादी तेव्हा नुकतीच लागली होती. घरे चाळीस, अर्ज सहाशे, माझा नंबर अडतिसावा. मी ‘घर’ लिहिले आणि पुढच्या शब्दालाही ‘घ’च काढला. ‘घर घेणारा माणूस’. पुरुषभर उंचीची अक्षरे! दुसऱ्या दिवशी सगळा बाजार हसत होता. चाळीसातली बरीच घरे साहेबांच्या सोयऱ्यांना जाणार हे सर्वांना ठाऊक होते, बोलायची छाती कोणाची नव्हती.

निवडून तो आलाच. पण ‘घेणारे साहेब’ हे नाव पडले ते पडलेच. पुढच्या यादीत माझे नाव नव्हते. कारण: कागद अपुरे. विचारायला गेलो तर म्हणाला, “पेंटर, तुम्ही अक्षरं सांभाळा, यादी आम्ही सांभाळतो.”

बायको भिंत बघून आली होती. “अहो, ‘दे’चा ‘घे’ कसा झाला?”

मी म्हणालो, “झाला नाही, केला.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने गल्लीभर सांगितले. तेव्हापासून लोक मला उठून बसायला जागा देतात. राहायला कोणी देत नाही, तो भाग वेगळा.

तर सत्य स्मरून लिहितो की ती चूक होती. दिवसभर उन्हात होतो, डोळे दिपले होते, हात ‘घ’च्या वळणावर सवयीने गेला. शौर्य वगैरे काही नव्हते. घरासाठी ज्याच्या दारात तीन वर्षे उभा राहिलो, त्याच्याशी मी कशाला वैर घेईन? बायको याच ओलीत खोकत दोन वर्षांपूर्वी गेली, माझ्या खोट्याचा अभिमान बाळगून गेली. त्याची मला लाज वाटते, रोज वाटते.

कलम चार. चार वर्षे रखडलेली निवडणूक पुन्हा आली आहे. विरोधक प्रत्येक सभेत त्या भिंतीचा फोटो दाखवतात. गेल्या आठवड्यात भाऊ निरोप घेऊन आला, “साहेब म्हणतात, चूक झाली होती असं तुझ्या हातानं लिहून दे. त्या चाळीसातली एक खोली अजून कुलूपबंद आहे, ती तुझी.”

मुलगी म्हणाली, “बाबा, द्या ना लिहून. खोटं तर खोटं. डोक्यावर छप्पर तर येईल.”

तिला वाटले मी खोटे लिहायला कचरतो आहे. मी खरे लिहायला कचरत होतो.

‘ती माझी चूक होती’ असे पत्र, सही करून, सोबत जोडले आहे. मी गेल्यावर हे कबूल करायला कोणी उरणार नाही, म्हणून आजच लिहिले. त्यावर संपूर्ण हक्क मुलीचा. द्यावे किंवा जाळावे.

कलम पाच. वरील मजकूर मुलीला वाचून दाखवला. मला वाटले रडेल. ती हसली.

“आईला माहीत होतं, बाबा. म्हणायची, ‘हात चुकला ह्यांचा, अक्षर नाही चुकलं. तू गप्प बस.’”

आज पहिल्यांदाच मी बराच वेळ एका जागी बसून राहिलो.

मग तिने पत्राची घडी घालून ते आपल्या पिशवीत टाकले. मी विचारले, “आजच नेऊन देतेस?”

“छे! आधी चावी, मग चूक.”

सदर शब्द मला पूर्णपणे मान्य असून ते या मृत्युपत्राचा भाग समजावेत.

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी. २. समोरच्या खोलीतल्या नर्सबाई. दोघांनाही वर काही दिलेले नाही, म्हणून साक्षीला चालतात. चावी मिळेपर्यंत तोंड बंद ठेवण्याचे दोघांनी कबूल केले आहे.

ठिकाण: बंद गिरणीमागची खोली, महिनाअखेरपर्यंत.
तारीख: मंगळवार, मतदानाला अकरा दिवस बाकी.
सही: पेंटर