जिनोआच्या कबरीविषयी दुरुस्ती

हवल्ली, कुवेत
मंगळवार, २८ जुलै १९६४

माझ्या फखरुन्निसा फुफीजान यांना कुबराचा अदबीने सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे, दापोलीपर्यंत जाता येते का, डोळ्यांत औषध घालता की बाटली फडताळात नुसती उभी आहे, हे सगळे विचारायचे आहे. पण आधी एक दुरुस्ती लिहिते, नाहीतर पुढचे सुचणार नाही. जूनच्या पत्रात मी लिहिले होते की जिनोआत मुस्तफा चाचांची कबर सापडली आणि तिथल्या भल्या लोकांनी ती आधीच किबल्याच्या दिशेला, मक्केकडे तोंड करून ठेवली होती. हे खरे नाही. कबर सापडली नाही. मला ओट्यावर बसवून पाटी शिकवताना तुम्ही म्हणायच्यात, चुकलेले थुंकी लावून पुसायचे नाही, खाली बरोबर लिहायचे. म्हणून खाली लिहिते.

तुमचा धाकटा भाऊ १९३१ साली बोटीवर तापाने गेला आणि अब्बांसह पाच खलाशी पोरांनी त्याला जिनोआत दफन केले, एवढे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचे अब्बांनी तुम्हाला सांगितले नसणार. खलाशांचा मुकादम, सारंग, आजारी होता, तेव्हा किबला कुठे हे सांगायला कुणी मोठे माणूस नव्हते. बावीस वर्षांच्या अब्बांनी सूर्य मावळतो तिकडे हात केला. आपल्या गावी किबला तिकडेच, समुद्राकडे. परमुलखात तो दुसरीकडे असतो हे त्या पाच जणांच्या डोक्यातही आले नाही. पुढे पंचवीस वर्षांनी अब्बा कुवेतला आले, हवल्लीत खोली घेतली, नमाजासाठी मावळतीकडे मुसल्ला टाकला, आणि घरमालकाने हसत हसत खांदे धरून त्यांना डावीकडे वळवले. अब्बाही हसले. (घरमालक अजून सांगतो, की हसता हसता ते मटकन खाली बसले, त्याला वाटले चक्कर आली.) मग त्यांनी एका मास्तरांच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिली. जिनोआहून मक्का आग्नेयेला. म्हणजे चाचांची पाठ तिकडे. इमामसाहेबांनी समजावले, नकळत झालेले माफ आहे. अब्बा म्हणाले, "माफी मला मिळेल. मुस्तफाचं तोंड कसं फिरेल?" आठ वर्षे त्यांनी रजा साठवली ती यासाठी.

अब्बा आणि मी बैरूतपर्यंत विमानाने गेलो, पुढे बोटीने. बोटीवर प्रवासी म्हणून बसणे अब्बांना जमत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका खलाशाच्या हातून दोर काढून घेऊन नीट गुंडाळून दाखवला. चौथ्या दिवशी एका अधिकाऱ्याने मला विचारले, आपले वडील कोणत्या पाळीवर आहेत? जिनोआ तर त्यांना पाठ होते: बंदरावरून उजवीकडे, मग पाववाला, मग चढण. पाववाल्याच्या जागी मोटारींचे दुकान निघाले आणि चढणीच्या जागी बोगदा. अब्बा एका म्हाताऱ्या पोलिसाला आपल्या गावच्या बोलीत सांगू लागले, "हे तुम्ही हलवलंत. इथं नव्हतं." पोलिसाने टोपी काढून काहीतरी म्हटले. (मला वाटते, माफी मागितली.) मोटारींच्या दुकानाची काच धरून अब्बा बराच वेळ उभे राहिले. त्या पाववाल्याने दफनाच्या दिवशी पाचही जणांना आत बसवून पाव दिला होता, हे मला तेव्हा प्रथम कळले.

तिसऱ्या दिवशी कब्रस्तान सापडले. तिथल्या कारकुनाला थोडे इंग्रजी येत होते. त्याने जुनी वही काढली, चाचांचे मोडके नाव त्यात होते, आणि मग तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. तिथली रीत अशी की ज्यांचे कुणी येत नाही त्यांच्या कबरी ठरावीक वर्षांनी रिकाम्या करतात आणि सगळ्यांची हाडे एकत्र ठेवतात. चाचांची १९४८ साली ठेवली. फुफी, त्या ढिगात कुठली दिशा?

इंजिनरूमने अब्बांचे कान नेले आहेत, त्यांना एक शब्द कळला नव्हता. "काय बोलतो तो? सापडला?" खोटे बोलणारी माणसे हळू बोलतात म्हणे; मला ते सुख नव्हते. मी ओरडले, "वळवलंय म्हणतात! बरोबर दिशेला!"

"कुणी?"

"इथल्याच लोकांनी!"

"त्यांना किबला कसा ठाऊक?"

"नकाशावर पट्टी ठेवून!" (हे मला कुठून सुचले, अल्ला जाणे.)

"बघ," अब्बा म्हणाले. "पट्टी. आम्हा पाच जणांत एकाकडे पट्टी नव्हती."

मग जागा दाखवणे भाग होते. मी नळाजवळचा एक मोकळा कोपरा दाखवला. अब्बांनी तिथे तासभर दुआ केली, माळी झारी घेऊन ताटकळत उभा. तुम्हाला पाठवलेली माती त्या कोपऱ्यातली आहे.

आता अब्बा शांत झोपतात. आठ वर्षांत मी त्यांना असे झोपलेले पाहिले नव्हते. पण त्यांनी चाचांच्या नावाचा एक दगड कोरून घेतला आहे, त्यावर बाण, म्हणजे पुन्हा कुणाची चूक व्हायला नको. बोटीवरचे खानसामा बाणकोटचे हमीदभाई तो जिनोआला नेऊन लावणार. अब्बा रोज त्यांना बोलावून जमिनीवर दगड फिरवून दाखवतात. काल हमीदभाई म्हणाले, "चाचा, दगड ठेवायचाय की बोट वळवायचीय?" अब्बा खूप हसले. मी चहा आणायला आत गेले ती बाहेर आलेच नाही. हमीदभाईंची बोट शनिवारी, ८ ऑगस्टला सुटते. तिथे पोचल्यावर त्यांना कारकून खरे सांगेल, आणि अब्बांना ते परक्या तोंडून कळेल.

तुमची,
कुबरा

ता. क. माती टाकू नका. चाचांची नसली तरी अब्बांची दुआ तिच्यावर आहे. आणि माझे खरे मागणे हे, की अब्बांना तुमच्या हाताने एक पत्र लिहा. त्यात एवढेच लिहा, की त्या दिवशी तिथे तुम्ही असतात तर तुम्हीही मावळतीकडेच हात केला असतात.

आणखी एक. अब्बांना सांगू की नको, हे मी तुम्हाला विचारणार होते. पण पत्र पोचायला दहा दिवस, उत्तराला दहा. तार करायला तुम्हाला दापोलीला जावे लागेल. सांगायचा दिवस ठरवताना मी हे मोजले नव्हते असे लिहिले तर आणखी एक दुरुस्ती लागेल. वर गुडघ्याची चौकशी केली तीही थोडी त्यासाठीच. जुम्याची नमाज पढून अब्बा येतील, जेवतील, मग मी त्यांच्या उजव्या कानाशी बसून सांगेन. ओरडूनच सांगावे लागेल, सगळ्या आळीला ऐकू जाईल. शुक्रवार, ७ ऑगस्ट.