लाभ, दोन, तीन

आप्पा,

तुमचा एक शब्द गेल्या महिन्यात माझ्या हातून साखर कारखान्याच्या यार्डात सुटला आणि आता तो काही केल्या परत येत नाही. तुम्हाला सांगायला हवं म्हणून लिहायला बसले. आईला सांगून पाहिलं, पण ती मधेच "जेवलीस का?" विचारते आणि माझं बोलणं तिथंच राहतं.

मी काय काम करते हे तुम्हाला ठाऊकच नाही, कारण तुम्ही फार लवकर गेलात. तर ऐका. संगणकाला आपलं लिहिणं कळत नाही, मधे एक दुभाष्या लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. नगरला आमच्या ऑफिसात उसाच्या ट्रॅक्टरांना वजनकाट्यावर पाळी लावून देणारा एक जुना प्रोग्राम आहे, जुन्याच भाषेत लिहिलेला. पाळी आली की ड्रायव्हरच्या मोबाईलवर निरोप धाडणारा नवा भाग पोरांनी भलत्याच भाषेत लिहिला. दोघं एका घरात नांदायला तयार होईनात. तेवढ्यात एक नवा कंपायलर आला, म्हणे त्याला दोन्ही भाषा एकत्र चालतात. साहेब म्हणाले, "बघ करून. जमलं तर काम इथं राहील, नाहीतर सगळं पुण्याच्या ऑफिसला जाईल आणि तूही." पुण्याला जायचं म्हणजे आईला तिसगावात एकटं टाकायचं. ती काही घर सोडून यायची नाही आणि तिची म्हैस तर मुळीच नाही.

मी भीत भीत दोन्ही भाग त्या नव्याच्या पुढ्यात टाकले. जुना असता तर पानभर कुरकुरला असता. हा एकदम गप्प. एकही चूक नाही! मी ऑफिसभर पेढे वाटले. खरं तर इतक्या गप्प बसणाऱ्यावर विश्वास ठेवू नये हे मला कळायला हवं होतं. आईच्या माहेरचे सगळे तसेच आहेत.

कारखान्यावर चाचणी झाली तेव्हा सगळ्यांत पुढच्या ट्रॅक्टरला निरोपच गेला नाही आणि त्याच्या मागच्याला गेला की तुमचा पहिला नंबर. मागचा हॉर्न वाजवत ओरडायला लागला, "सरक बाजूला, माजा पयला लंबर हाय!" पुढचा खाली उतरून माझ्याकडे आला. "मॅडम, मी सकाळधरनं हितं उभा हाय. तुमच्या मिशनीला मी दिसत न्हाई व्हय?" साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मला पुण्याचा ट्रॅफिक दिसू लागला.

भानगड एवढीच होती की जुनी भाषा मोजायला एकापासून सुरू करते आणि नवी शून्यापासून. दोघी आपापल्या जागी बरोबर, पण मधल्या मधे पहिला माणूस गायब. काट्याच्या केबिनमध्ये डोकं धरून बसले आणि तुम्ही आठवलात.

तिसगावचा बाजार आहे. तुम्ही बाजरीच्या राशीपुढे गुडघा टेकून बसला आहात, धान्य मोजणाऱ्या मापाड्याची ती ठरलेली बैठक. हातात आधोलीचं माप. पहिलं माप ओतता आणि सुरात म्हणता, "लाऽभ." मग दोन, मग तीन. परमुलखातून आलेला तो व्यापारी ओरडतो, "अरे, एक कहाँ गया?" तुम्ही शांतपणे सांगता, "एक म्हनत न्हाईत शेट, लाभ म्हनत्यात." त्याला वाटतं यात काहीतरी लबाडी आहे. तो सगळी रास पुन्हा मोजायला लावतो. तुम्ही मान डोलावता, पहिलं माप भरता आणि म्हणता, "लाऽभ." व्यापाऱ्यानं कपाळावर मारून घेतलेला हात मला अजून दिसतो.

शाळेत मीही चिंचोके तसेच मोजले होते. सगळा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "परीक्षेत लाभ लिहिलंस तर भोपळा मिळेल." तुम्ही अंगावरच्या भुशासकट शाळेत आलात आणि म्हणालात, "गुर्जी, माज्या पोरीचं मोजमाप बराबर हाय. फकस्त सुरवात येगळी हाय." गुरुजी बधले नाहीत. परत येताना तुम्ही मला म्हणालात, "शाळंत एक म्हन, बाजारात लाभ म्हन. माप तेवढं सांडू नगं." मला त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला होता.

मग मी तेच केलं. प्रोग्रामच्या दोन्ही भागांना बजावलं की पहिल्या जागेला कुणी एक म्हणायचं नाही, कुणी शून्य म्हणायचं नाही. तिचं नाव लाभ. पुढं दोन, तीन. हे नाव आतल्या आत, माझ्यापुरतं होतं. बाहेर सोडताना काढायला विसरले.

पुन्हा चालवून पाहिलं तेव्हा सगळ्यांत पुढच्या ड्रायव्हरचा मोबाईल वाजला. त्यानं मोठ्यानं वाचलं, "तुमचा नंबर लाभ." आणि खदखदून हसत म्हणाला, "आयला, आत कोन मापाडी बसलाय?" तो आपल्या पाथर्डीकडचाच निघाला. त्यानं तुमच्याच सुरात "लाऽभ" अशी आरोळी ठोकली आणि गाडी काट्यावर घातली. मागचा म्हणाला, "मलाबी लाभच पायजे, दोन नगं." मला रडू फुटलं. साहेबांना सांगितलं, डोळ्यात उसाचं पाचट गेलं.

काम नगरलाच राहिलं. आई तिसगावात, म्हैस गोठ्यात आणि मी रोजच्या एसटीत. पण साहेबांनी विचारलं, "हे लाभ म्हणजे काय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "लॉजिकल ॲरे बेस हँडल." एल, ए, बी, एच ही आद्याक्षरं बरोबर जुळली, कुठून सुचलं देव जाणे. त्यांनी गंभीरपणे लिहून घेतलं. आता पुण्याची पोरं मीटिंगमध्ये इंग्रजी वळणानं "लॅभ, लॅभ" करतात.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, माझ्याच टेबलाच्या खणात राहील. साहेबांना खरं अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. सांगितलं तर ते हसतील आणि तिथं साधा एक घालायला लावतील. मग काट्यावर पहिला ट्रॅक्टर चढताना मला तुमची हाक ऐकू यायची नाही.